दुसरा खांदा

सातेरी होनगेकर, वय सत्तेचाळीस, उजवा खांदा.
चिठ्ठीवर बेळगावच्या डॉक्टरांचं घाईतलं अक्षर:
मोडलंय का बघणे.

कौलांची ट्रॉली भरताना पडला, महिना झाला.
मुकादम म्हणाला, फोटोत मोड निघाली तर भरपाई,
नाहीतर रविवारपासून भट्टीवर.
हे त्यानं नाही सांगितलं.
त्याच्या मेहुण्यानं बाहेरच्या बाकावरून शिवलीलाला सांगितलं,
अर्धं कन्नडात, अर्धं आमच्यात,
सगळ्या खानापूरला ऐकू जाईल असं.

शिवलीला त्याचा हात आडवा धरते,
काखेखाली कॅसेट सरकवते.
"अलुगाडब्याडरी."
तो हलत नाही. दोन्ही भाषांत हलत नाही.

पडद्यावर खांद्याचं छप्पर येतं.
पुस्तकात त्याला अंसकूट म्हणतात,
म्हणणारं अजून कुणी भेटलेलं नाही.
त्याच्या पुढच्या टोकाला एक तुकडा सुटा,
मधे काळी रेघ.

आमच्या भागात रेघ दिसली
की आधी विचारतात, कुणी पाडली.
मीही आधी तेच विचारते.

मग कडा बघते.
मोडीच्या कडा फाडलेल्या कागदासारख्या असतात,
या तर गुळगुळीत, पांढऱ्या,
घासून पालथ्या घातलेल्या वाटीच्या काठासारख्या.
पंचविशीपर्यंत इथले तुकडे जुळून एक होतात.
शंभरातल्या सात-आठ जणांचे होत नाहीत,
आणि त्यांना ते कधी कळतही नाही.

पहिल्या वर्षी मी अशाच एका रेघेला मोड म्हटलं होतं.
नंदगडची बाई. नाव आठवतं, लिहीत नाही.
तिच्या खांद्यात दोन स्क्रू आहेत अजून,
कधीच न मोडलेलं हाड धरून बसलेले.

"दुसरा खांदा आणा," मी म्हणते.
सातेरी पहिल्यांदा हसतो.
"घरात ठेवून नाही आलो ओ. इथंच हाय."

डावीकडेही तेच.
तोच तुकडा, तीच रेघ,
तिकडे कुणी पडलं नाही, काही दुखलं नाही.

"मोडलेलं नाही," मी सांगते,
"तुमची घडणच अशी आहे. दोन्हीकडे."
आनंदाची बातमी सांगतात त्या आवाजात सांगते.

तो खुर्चीच्या पायाकडे बघतो.
"मग दुखूलालंय ते काय खोटं?"

हेस्कॉमचे दिवे जातात, इन्व्हर्टर टक् करतो.

मग तोच बोलतो.
भट्टीतनं निघताना काही कौलांवर
केसाएवढी रेघ येते म्हणे.
नवीन पोरं ती फेकून देतात.
जुना माणूस बोटाच्या पेरानं वाजवतो:
ठण्ण म्हटलं तर घरावर,
बद्द म्हटलं तर बाजूला.
रेघ बघून नाही ओ कळत.

सांगता सांगता तो डावा खांदा वाजवतो, मग उजवा.
उजव्याला त्याचे डोळे मिटतात.

मी रिपोर्ट लिहायला बसते.
दोन्ही बाजूंना जुनी, गुळगुळीत कडांची फट.
मोड नाही.
खाली: सुटा तुकडा आतल्या शिरेला घासू शकतो,
वजन उचलताना वेदना शक्य,
काही दिवस ओझं टाळावं,
लक्षणांशी ताडून पाहावे.

मुकादम पहिली ओळ वाचतो,
खालचं कुणी वाचत नाही.
वेदनेचं वाक्य मी उचलते, वर नेऊन ठेवते.
मोड नाही, हे त्याच्याखाली.
शब्द एकही बदललेला नाही.
याचे पैसे मिळतील का त्याला? मला माहीत नाही.

पाकीट डाव्या बगलेत धरून तो दारापर्यंत जातो
आणि परत येतो.

"डाव्याचे किती द्यायचे?"

"डाव्याचे नाहीत."

"बरं की," म्हणतो, आणि तरी उभाच राहतो.